अभिसारी : एका विशेषणाचे परीक्षण

दिवाळी अंकात परीक्षण यावयाचे ते एखाद्या कादंबरीचे, कवितासंग्रहाचे, फार तर गाजलेल्या नाटकाचे. मी आज परीक्षणास घेतले आहे ते एक विशेषण. त्याला मुखपृष्ठ नाही, प्रस्तावना नाही, आणि त्याचा कर्ता समारंभात सत्कार घ्यावयास येणार नाही. पण मराठी माध्यमातून दहावीला बसणारी मुले दरवर्षी ते वाचतात, पाठ करतात आणि परीक्षेत लिहून येतात. इतका मोठा वाचकवर्ग आमच्या किती कादंबऱ्यांच्या नशिबी येतो? ते विशेषण म्हणजे ‘अभिसारी’.

माझी आणि त्याची गाठ पडली ती गेल्या दिवाळीत, वसमतला, मामांच्या घरी. मामांनी नव्वदी ओलांडली आहे. फराळाची ताटे उचलली गेली होती. दहावीतली नात भौतिकशास्त्राचे पुस्तक घेऊन ओसरीवर बसली होती आणि तिने विचारले, “आबा, अभिसारी भिंग म्हणजे काय हो?”

मामा म्हणाले, “मला कशाला विचारतेस बाई? आमचं गणित निजामाच्या शाळेतलं. जमा, तफ्रीक, जर्ब, तक्सीम. त्रिकोणाला मुसल्लस अन् चौरसाला मुरब्बा. मुरब्बा म्हटलं की वर्गातली निम्मी पोरं हसायची अन् मास्तर छडी उचलायचे.”

नातू पुण्यात अभियांत्रिकी शिकून जर्मनीला निघालेला. त्याच्या हातात जर्मन शब्दकोश होता. त्याने पाने चाळून शब्द काढला : ‘कोन्व्हेर्गेंट’. पुढे कंसात खूण होती, गणित आणि तांत्रिक भाषा. “हाच तो,” तो म्हणाला. “इंग्रजीत कन्व्हर्जंट, जर्मनीत कोन्व्हेर्गेंट, अन् हिच्या पुस्तकात अभिसारी.”

एका ओसरीवर तीन पिढ्या आणि तीन परिभाषा. आजोबांचा शब्द नातीला कळत नाही, नातीचा नातवाला परका, आणि नातवाचा घरात कोणालाच उच्चारता येत नाही. हसून सोडून देण्याजोगी ही गोष्ट वाटली नाही, म्हणून हे परीक्षण.

प्रथम त्या जर्मन शब्दाचे कुळ पाहू. मूळ लॅटिन. ‘कोन’ म्हणजे सह आणि ‘व्हेर्गेरे’ म्हणजे कलणे, झुकणे. अनेक रेघा एकमेकींकडे कलत चालल्या की त्या ‘कोन्व्हेर्गेंट’. गणितातल्या श्रेढीला हे विशेषण लावले स्कॉटलंडच्या जेम्स ग्रेगरीने, १६६७ साली. तिथून ते सर्व युरोपभर गेले आणि जर्मनांनीही ते घेतले. आरंभी ते ‘सी’ या अक्षराने लिहीत, पुढे ‘के’ने लिहू लागले.

आता जर्मन माणूस भाषेच्या बाबतीत मोठा घरंदाज. त्यांचा चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने १५२५ साली कारागिरांसाठी भूमितीचे पुस्तक लिहिले तेव्हा लॅटिन-ग्रीक नावे बाजूला ठेवून सुतार-गवंड्यांच्या तोंडची नावे घातली. मळसूत्री वळणाला तो ‘गोगलगायीची रेघ’ म्हणतो, लंबवर्तुळाला ‘अंड्याची रेघ’. अन्वस्ताला त्याने ‘जाळणारी रेघ’ म्हटले, कारण त्या आकाराचा आरसा ऊन एका ठिकाणी गोळा करून वस्तू पेटवतो. यातले सारेच शब्द टिकले असे नाही. अंड्याची रेघ मागे पडली आणि तिथे ‘एलिप्से’ हा ग्रीक पाहुणा कायमचा राहिला. पण भिंगातून ऊन जिथे गोळा होते त्या जागेला जर्मन मुले आजही ‘ब्रेनपुंक्ट’ म्हणतात. शब्दशः, जळण्याचा बिंदू. आमच्या पुस्तकात तिला ‘नाभी’ म्हणतात. दोन्ही शब्द चांगले. पण एक शब्द उच्चारताच बोट भाजते, दुसऱ्यासाठी बेंबीपासून भिंगापर्यंत प्रवास करावा लागतो, एवढे टीकाकाराने नोंदवले पाहिजे.

मग ज्यांनी जळण्याचा बिंदू राखला त्यांनी ‘कोन्व्हेर्गेंट’ उसना का घेतला? घेतला, आणि घेताना घराची शिस्त लावली. त्याला आपल्या लिंग-विभक्तीचे प्रत्यय जोडले. आपला प्रत्यय लावून त्याचे क्रियापद केले. शेजारी बसवले ते घरचे शब्द : श्रेढीला ‘राइहे’, म्हणजे साधी रांग, आणि ती जिथे पोचते त्या मर्यादेला ‘ग्रेन्झव्हेर्ट’, म्हणजे सीमेची किंमत. एकोणिसाव्या शतकात वायरश्ट्रास या गणितज्ञाने या कल्पनेला आणखी बारीक धार दिली, तेव्हाही पाहुण्या शब्दाच्या आधी ‘सारख्या मापाने’ या अर्थाचे अस्सल जर्मन विशेषण बसले. सोवळे-ओवळे त्यांनी पाळले नाही. शब्द घरात आल्यावर कामाला लागतो की नाही एवढे पाहिले. हीच कसोटी मी ‘अभिसारी’ला लावणार आहे.

आधी गुण. ‘अभि’ म्हणजे कडे, ‘सृ’ म्हणजे जाणे, सरकणे. सरणे, पसरणे, ओसरणे ही आमची रोजची क्रियापदे त्याच धातूची लेकरे. म्हणजे शब्द संस्कृत असला तरी त्याचे आप्त आमच्या अंगणात आहेत. शिवाय त्याला एक वडीलधारी काव्यमय बहीण आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ नायिकांपैकी अभिसारिका, ठरल्या जागी प्रियकराला भेटावयास निघालेली. गणिताच्या मास्तरांना हे आठवले तर ते लाजतील. पण लाजण्याचे कारण नाही. उपमा अचूक आहे.

ती कशी, हे फराळाच्या ताटावरच पाहू. ताटात दोन करंज्या आहेत. आधी एक अख्खी खाल्ली. मग उरलेलीची अर्धी, मग उरल्या अर्ध्याची अर्धी, मग त्याही उरल्याची अर्धी. असे कितीही वेळ चालवा, खाल्लेल्या करंज्या दोनच्या अधिकाधिक जवळ जातात आणि दोनच्या पलीकडे एक कणही जात नाहीत. १ + १/२ + १/४ + १/८ अशी ही रांग. तिची बेरीज २. पायरी कोणतीही घ्या, थोडेसे उरलेलेच असते. तरी मुक्काम पक्का असतो. अभिसारिका वाटेतच रंगवली जाते, पण तिचे संकेतस्थान ठरलेले असते. लॅटिन शब्दात एकमेकींकडे कलणाऱ्या रेघा दिसतात. श्रेढीत एकमेकांकडे कोणी कलत नाही. एक बेरीज एका संख्येकडे चालत असते. म्हणून म्हणतो, भिंगाच्या किरणांना लॅटिन शब्द अधिक शोभतो आणि श्रेढीला आमचा. ज्याने तो योजला त्याला मूळ शब्दाचे ओझे वाटले नाही, त्याने वस्तू पाहिली.

आता दोष, आणि ते लहान नाहीत.

पहिला दोष भाऊबंदकीचा. ‘अभिसारी’ हे विशेषण झाले. त्याचे नाम करावयाचे तर ‘अभिसरण’ समोर येते. पण ही जागा आधीच भरलेली आहे. जीवशास्त्राच्या तासाला ‘रक्ताभिसरण’ असते. तिथे रक्त हृदयातून निघते आणि फिरून हृदयात येते. ते मुक्कामाला पोचून थांबले तर माणूस जगणार नाही. पुढच्या तासाला उष्णतेचा धडा : वहन, अभिसरण, प्रारण. तिथे तापलेले पाणी वर जाते, थंड खाली येते, पुन्हा तेच फिरणे. वर्तमानपत्राच्या अग्रलेखात ‘सामाजिक अभिसरण’. तिथे माणसे एका थरातून दुसऱ्यात मिसळतात. आणि गणितात अभिसरण म्हणजे एका ठिकाणाकडे जाणे. एकच शब्द, चार नोकऱ्या, आणि त्यांतल्या दोन तर एकमेकींच्या उलट. फिरत राहणे आणि पोचणे यांत फरक आहे हे ज्या मुलीला आधी कळले, तिलाच हा शब्द गोंधळात टाकतो. हुशारीची ही शिक्षा झाली.

दुसरा दोष जोडीदाराचा. अभिसारीच्या उलट ‘अपसारी’, म्हणजे दूर जाणारी. अंतर्गोल भिंगाला तो छान बसतो. किरण खरेच फाकतात. पण १ + १/२ + १/३ + १/४ ही रांग घ्या. वाटा लहान लहान होत चालला आहे. पाहणाऱ्याला वाटते ही कुठेतरी टेकेल. पहिल्या हजार पदांची बेरीज साडेसातपर्यंतही पोचत नाही; दहा लाख पदांची चौदाच्या थोडी पुढे. तरी ही रांग कोणत्याही मर्यादेत मावत नाही, हे निकोल ओरेम या फ्रेंच पाद्र्याने चौदाव्या शतकात सिद्ध करून ठेवले आहे. तिला अपसारी म्हणा, ठीक. पण १ – १ + १ – १ या रांगेचे काय? तिची बेरीज एकदा एक, एकदा शून्य, पुन्हा एक. ती दूर जात नाही, जवळ येत नाही. उंबरठ्यावर आत-बाहेर करीत राहते. गणिती तिलाही अपसारीच म्हणतात. हा दोष मात्र आमचा एकट्याचा नव्हे. लॅटिन आणि जर्मन शब्दांतही तो तसाच आहे.

तिसरा दोष मला सर्वांत जड वाटतो. या विशेषणाला क्रियापद नाही. जर्मन म्हणतो, ही रांग ‘कोन्व्हेर्गीर्ट’, म्हणजे ती काहीतरी करते. आमची श्रेढी अभिसारी ‘आहे’. फार तर ‘अभिसरण पावते’, जसे कोणी वैकुंठवास पावावे. ज्या कल्पनेचा सारा जीव चालण्यात आहे, तिला आम्ही खुर्चीवर बसवून ठेवले आहे. मराठी ही क्रियापदांनी श्रीमंत भाषा. परिभाषा करणाऱ्यांनी नामे आणि विशेषणे जमवली आणि क्रियापदांच्या वाट्याला ‘करणे’, ‘होणे’, ‘पावणे’ ठेवले.

येथे कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशासाठी? इंग्रजी शब्द घ्या आणि मोकळे व्हा. याला उत्तर मामांच्या मुरब्ब्यात आहे. हैदराबादला १९१७ साली निजामाच्या आज्ञेने उस्मानिया विद्यापीठाची मुहूर्तमेढ रोवली गेली. उच्च शिक्षण एका भारतीय भाषेतून, उर्दूतून, देण्याचा तो पहिला मोठा प्रयोग. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले, दारुल तर्जुमा. गणित, वैद्यक, अभियांत्रिकी यांची परिभाषा विद्वानांनी मुख्यतः अरबी-फारसीच्या टाकसाळीत पाडली. काम प्रामाणिक होते, मोठे होते. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले, आणि सारी टाकसाळ थंड पडली. ज्या मराठी मुलांनी पाठ केलेले ‘मुसल्लस’ अर्ध्या वाटेत टाकून ‘त्रिकोण’ उचलला, त्यांच्यात माझे मामा होते. त्यांना दोन्ही शब्द सारखेच परके. एक अरबीतून आला, दुसरा संस्कृतातून. शेतातल्या तीन धुऱ्यांच्या तुकड्याला घरी काय म्हणतात ते त्यांना कोणी विचारले नाही. वर्गाबाहेर न गेलेला शब्द वर्ग बदलताच मरतो, हे या प्रयोगाने शिकवले. इंग्रजीचा आधार घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. वर्गाबाहेर न जाणारा इंग्रजी शब्दही त्याच वाटेचा वाटसरू आहे.

उलट उदाहरणही आपल्याच देशात आहे. केरळात चौदाव्या शतकात संगमग्रामाचा माधव झाला. गावाच्या नावातच संगम! वर्तुळाचा परीघ काढण्यासाठी त्याने १ – १/३ + १/५ – १/७ अशी न संपणारी श्रेढी दिली. तिची बेरीज पायचा चौथा भाग. ही श्रेढी फार सावकाश मुक्कामाकडे जाते. हजार पदे घेतली तरी पायच्या किमतीत तिसऱ्या दशांश स्थळी चूक राहते. हे ओळखून त्याने शेवटी घालावयाची दुरुस्तीही सांगितली. माधवाच्या परंपरेतल्या ज्येष्ठदेवाने सुमारे १५३० साली हे सारे सिद्धतांसह ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात लिहिले, आणि लिहिले ते संस्कृतात नव्हे तर मल्याळम गद्यात. पुढे १६७१ साली युरोपात याच घराण्यातली श्रेढी शोधली ती जेम्स ग्रेगरीने, म्हणजे ज्याने ‘कोन्व्हेर्गेंट’चे बारसे केले त्यानेच. ती कल्पना त्याच्या शब्दाच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधी एका देशी भाषेत सविस्तर बोलून झाली होती. देशी भाषेला हे विषय पेलत नाहीत असे म्हणणाऱ्याने हा ग्रंथ आठवावा.

आमच्याकडेही तसा आधार आहे. ‘श्रेढी’ हा शब्द भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त प्रकरणाचे नाव म्हणून आहे, आणि तो आजच्या शाळेच्या पुस्तकात तसाच चालतो. भाषा संचालनालयाने १९६० पासून परिभाषेचे कोश केले. विश्वकोशाच्या मंडळींनी तर आधी परिभाषा जमवली आणि मग १९७६ साली पहिला खंड काढला. त्यांच्या कष्टांची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. पण कोश शब्दाला जन्म देतो. त्याला वाढवतो दुसराच कोणी. ‘कृष्णविवर’ पाहा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपण नावाने आलेल्या एका कथेला बक्षीस मिळाले. कथेचे नाव ‘कृष्णविवर’, लेखक जयंत नारळीकर. आज हा शब्द उच्चारताना कोणाची जीभ अडखळत नाही. कोशात तो होता की नव्हता हा प्रश्नच उरला नाही, कारण तो गोष्टीत होता. ‘अभिसारी’च्या नशिबी अद्याप गोष्ट आलेली नाही.

आणि ती यावी असा प्रसंग हिंगोली जिल्ह्यात उभा आहे. वसमतहून औंढा नागनाथ दूर नाही. तिथल्या ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला आमची पिढी एस.टी.ने जात असे. त्याच औंढ्याजवळ दुधाळा गावच्या माळावर गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हावयाची आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. दोन्हींतून प्रकाशाचे झोत जाऊन परततात आणि एके ठिकाणी भेटतात. लहर आली की भुजांच्या लांबीत अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी बारीक फरक पडतो, आणि भेटणाऱ्या झोतांचा मेळ चुकतो. या लहरींचे भाकीत आइन्स्टाइनने १९१६ साली बर्लिनमध्ये केले, जर्मन भाषेत. पहिली लहर अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांना १४ सप्टेंबर २०१५ रोजी लागली : सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत, जवळ येत, एक झाली होती, कोणे एके काळी, १३० कोटी प्रकाशवर्षे दूर.

म्हणजे बर्लिनला जर्मन भाषेत सुरू झालेली एक विचारांची रांग हळूहळू सरकत औंढ्याच्या माळावर येऊन पोचते आहे. प्रश्न एवढाच, की माळावरची मुले तिथे काय म्हणून उभी राहणार? फाटकावरचा पहारेकरी म्हणून, की आत काय चालले आहे ते आपल्या आईला आपल्या शब्दांत सांगू शकणारी मुले म्हणून? ज्या जिल्ह्यातल्या नरसी गावाला नामदेवांचे जन्मगाव मानतात, तिथे हा प्रश्न विचारणे फाजील ठरू नये.

निकाल लिहिण्याची वेळ आली. पण तो मी देण्याआधी मामांनीच दिला, तो सांगतो.

पाडव्याच्या दुपारी ओसरीपुढच्या अंगणात लख्ख ऊन होते. मामांचे वर्तमानपत्र वाचावयाचे मोठे भिंग घेऊन नात फटाक्याच्या वेष्टनाचा लाल कागद पेटवू पाहत होती. उजेडाचा ठिपका कधी बशीएवढा, कधी पैशाएवढा होई, कागद ढिम्म. मामा खाटेवरून पाहत होते. म्हणाले, “अगं, वर घे थोडं. अजून. आता हलवू नको. ऊन एकवटू दे.”

ठिपका मोहरीएवढा झाला, कागदातून धुराची रेघ निघाली आणि नात ओरडली, “आबा, एकवटलं!”

नातवाने शब्दकोश मिटला. मी मात्र मनातल्या मनात तो उघडून त्या जर्मन विशेषणापुढे नवी नोंद केली. एकवटणे! भिंगातून जाणारे किरण एकवटतात. करंज्यांची श्रेढी दोनवर एकवटते. १ – १ + १ – १ ही रांग एकवटत नाही; बस्स, तिला दूर जात असल्याचा खोटा आळ घ्यावा लागत नाही. अपसारीचा दोष, जो लॅटिनला आणि जर्मनलाही निस्तरता आला नाही, तो मराठी नकाराने एका शब्दात मिटला.

शास्त्री म्हणतील, एकवटणे हा ढिला शब्द. माणसे एकवटतात, बळ एकवटते. मग जर्मनांनी गणितातल्या रचनांना ‘अंगठी’, ‘शरीर’, ‘घोळका’ अशी नावे ठेवली ती काय घट्ट होती? शब्दाला घट्टपणा व्याख्येने येतो. जीव मात्र आधीपासून असावा लागतो.

तेव्हा माझे मत असे. ‘अभिसारी’ हे विशेषण राहू द्यावे. ते चांगल्या घरचे आहे आणि श्रेढीच्या बाबतीत मूळ शब्दाहून सरस आहे. ‘अभिसरण’ रक्ताला आणि तापत्या पाण्याला परत करावे. गणिताला नाम हवेच तर ‘अभिसारिता’ पुरे. आणि त्याच्या शेजारी, पुस्तकात, फळ्यावर आणि मास्तरांच्या तोंडी, ‘एकवटणे’ हे क्रियापद बसवावे. परिभाषा करणाऱ्यांनी पुढच्या खेपेस कोश उघडण्यापूर्वी एखाद्या अंगणात भिंग घेऊन उभे राहावे.

जळलेला लाल कागद नातीने पुस्तकात खूण म्हणून ठेवला आहे. भोकाच्या कडा काळ्या आहेत. ज्या पानावर तो आहे, तिथे ‘अभिसारी’ या शब्दाखाली तिने पेन्सिलीने एक शब्द लिहिला आहे. परीक्षेत तो चालणार नाही, हे तिला ठाऊक आहे.